स्वप्नाची उलटतपासणी

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या खोऱ्यात वज्रेश्वरीचं देऊळ आहे. मुंबई-ठाण्याकडच्या लोकांना ते गाव गरम पाण्याच्या कुंडांमुळे ठाऊक असतं. देवळाकडे पाहिलं की मात्र आधी लढाईच आठवते. चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, भोवती तट, प्रवेशावर नगारखाना, असं ते एखाद्या गढीसारखं उभं आहे. १७३७ पासून उत्तर कोकणात मराठ्यांची पोर्तुगिजांविरुद्ध मोहीम चालू होती. ठाणं घेतलं, साष्टी घेतली, वसई मात्र हाती येत नव्हती. आख्यायिका अशी की, मोहिमेचे सेनापती चिमाजी अप्पा यांचा मुक्काम या मुलखात वडवलीजवळ असताना त्यांनी देवीला नवस केला: किल्ला मिळू दे, तुझं देऊळ बांधीन. मग देवी स्वप्नात आली आणि किल्ला कसा घ्यायचा ते तिनं सांगितलं. मे १७३९ मध्ये वसई पडली. नव्या सुभेदाराला, शंकराजी केशव फडक्यांना, देऊळ बांधायची आज्ञा झाली. देवीचं मूळ ठाणं गुंज गावचं. पोर्तुगिजांच्या काळात ते उद्ध्वस्त झाल्यावर देवी वडवलीला आली, असंही सांगतात.

ही गोष्ट ऐकल्यावर आज दोन तऱ्हेची माणसं दोन तऱ्हेनं बोलतात. एक म्हणतो, देवीचा दृष्टांत झाला म्हणून किल्ला मिळाला. दुसरा म्हणतो, किल्ला सुरुंगांनी आणि हजारो माणसांच्या रक्तानं मिळाला, स्वप्नाची गोष्ट मागाहून जोडली. दोघं एकमेकांचे विरोधक असले तरी त्यांच्या बोलण्याचा पाया एकच आहे: जुन्या माणसाच्या लेखी स्वप्न पडलं की प्रश्न मिटत होता. एकाला त्याचा अभिमान आहे, दुसऱ्याला त्याची कीव येते. मला हा पायाच चुकीचा वाटतो. प्राचीन संस्कृतींनी स्वप्नाविषयी जे लिहून ठेवलं ते नीट वाचलं तर वेगळंच चित्र दिसतं. त्यांच्या लेखी स्वप्न हा निकाल नव्हता, तो एक दावा होता. तो जाग्या माणसांसमोर मांडावा लागे, त्याची छाननी होई, आणि तो खरा धरला तर स्वप्न पाहणाऱ्याच्या गळ्यात एक जबाबदारी पडे. वज्रेश्वरीच्या कथेतही स्वप्न मधोमध आहे. त्याच्या आधी नवस आहे, नंतर महिनोन्महिन्यांचा वेढा आहे, आणि शेवटी कर्ज फेडावं तसं बांधलेलं देऊळ आहे. स्वप्न पडलं म्हणून मोर्चे उठवले आणि घरी गेलो, असं आख्यायिकाही म्हणत नाही.

देवळाच्या पायाशी स्वप्न असण्याची सर्वांत जुनी सविस्तर हकिगत चार हजार वर्षांपूर्वीची आहे. आजच्या इराकच्या दक्षिणेत लगश नावाचं राज्य होतं. इ.स.पू. २१०० च्या सुमारास तिथला राजा गुदिआ यानं निंगिर्सू देवाचं देऊळ बांधलं आणि त्याची सारी कथा मातीच्या दोन मोठ्या दंडगोलांवर कोरून ठेवली. ते दंडगोल आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. गुदिआला स्वप्नात आकाशाएवढा पुरुष दिसला. त्याला पंख होते, दोन्ही बाजूंना सिंह होते, आणि तो घर बांध म्हणत होता. शिवाय लेखणी घेतलेली एक बाई, निळ्या दगडाच्या पाटीवर आराखडा काढणारा एक वीर, आणि विटेचा साचा. आजच्या समजुतीप्रमाणे राजानं दुसऱ्या दिवशी पाया खणायला घ्यायला हवा होता. तो काय करतो? मला याचा अर्थ कळत नाही, असं स्पष्ट म्हणतो. नावेत बसून नान्शे देवीच्या देवळात जातो, वाटेत इतर देवांची पूजा करतो आणि स्वप्न तिच्यापुढे ठेवतो. ती अर्थ सांगते, तरी त्याचं समाधान होत नाही. देवाला रथ अर्पण करून तो दुसरं स्वप्न मागतो. ते मिळाल्यावर त्या काळच्या रीतीनं बकऱ्याच्या अवयवांवरून कौल घेऊन पुन्हा खात्री करतो. इतकं झाल्यावर कुठे विटा पाडायला सुरुवात होते. कौल घेण्याची ती पद्धत आपल्याला पटणार नाही, पटूही नये. पण एका राजानं, ज्याला अडवणारं कुणी नव्हतं, स्वतःच्या स्वप्नाला तीन वेळा अडवलं, ही गोष्ट भोळेपणाच्या खात्यात टाकता येत नाही.

युफ्रेटिसकाठच्या मारी शहराचा इ.स.पू. अठराव्या शतकातला पत्रव्यवहार सापडला आहे. त्यातला एक तपशील मला या साऱ्या विषयाची किल्ली वाटतो. राजा झिम्रीलिम याला अधिकारी पत्रं लिहून कळवत की अमक्या स्त्रीला, तमक्या पुरुषाला असं असं स्वप्न पडलं आहे. पत्रासोबत अनेकदा त्या माणसाच्या केसांची बट आणि वस्त्राचा काठ कापून पाठवला जाई. राजदरबारी त्यावरून तपास होई. केस आणि वस्त्राचा काठ म्हणजे जवळजवळ ते माणूसच. आज आपण दस्तावर अंगठा उठवतो त्या जातीचं हे कृत्य आहे. स्वप्न सांगणारा आपल्या शब्दाला स्वतःसकट तारण राहत होता.

आता भारताकडे येऊ, कारण आपल्याकडे या छाननीला शास्त्राचं रूप आलं. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, म्हणजे रोग्याच्या मरणाची चिन्हं ओळखण्याच्या भागात, स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: पाहिलेल्याचं, ऐकलेल्याचं, अनुभवलेल्याचं, इच्छिलेल्याचं, कल्पिलेल्याचं, भावी सुचवणारं आणि शरीरातल्या दोषामुळे पडणारं. यापुढे ग्रंथकार वैद्याला बजावतो की पहिले पाचही प्रकार निष्फळ समजावेत. दिवसा पडलेलं स्वप्न निष्फळ, फार छोटं निष्फळ, फार लांबलेलंही निष्फळ. रात्रीच्या पहिल्या भागातलं असेल तर फळ थोडं. हे सगळे नियम एकापाठोपाठ एक लावून पाहिले तर रोग्याच्या दहा स्वप्नांतलं एखादंच विचारात घ्यायला शिल्लक राहील. दिवसभर जे पाहतो, ऐकतो, ज्याची हाव धरतो तेच रात्री दिसतं, हा विचार आपण आधुनिक मानतो. इथे तो वैद्यकाच्या ग्रंथात गाळणीसारखा बसवलेला आहे. मिलिंदपञ्हात ग्रीक वंशाचा राजा मिनँडर भिक्षू नागसेनाला स्वप्नाबद्दल विचारतो, तेव्हा उत्तर त्याच वळणाचं मिळतं. वात, पित्त, कफ, देवतेचा प्रभाव, स्वतःची सवय आणि पूर्वनिमित्त अशी स्वप्नाची सहा कारणं आहेत आणि त्यातलं शेवटचं तेवढंच खरं. वैशेषिक दर्शनाच्या प्रशस्तपादांनी कारणं तीनच मानली: तीव्र संस्कार, धातूंचा बिघाड आणि अदृष्ट. वैद्य, बौद्ध भिक्षू आणि तार्किक या तिघांचं एकमेकांशी फारसं पटत नसे, पण बहुतेक स्वप्नांना काही अर्थ नसतो यावर तिघांचंही एकमत होतं.

चरकाच्या एका नियमाशी मात्र थोडं थांबायला हवं, विशेषतः भिवंडीत. दिवसा पडलेलं स्वप्न निष्फळ, हे ज्यानं लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर रात्री झोपणारा आणि दिवसा जागणारा माणूस होता. भिवंडीचे यंत्रमाग दिवसपाळी आणि रात्रपाळीत बारा-बारा तास चालतात. रात्रपाळी करून सकाळी खोलीवर येऊन पडणारा कारागीर, मग तो आझमगडचा असो की तेलंगणातला, आयुष्यातली अर्धीअधिक स्वप्नं दिवसाच पाहतो. शास्त्राच्या लेखी त्याच्या स्वप्नांना जागाच नाही. ही त्या शास्त्राची मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. छाननीचे नियम ज्यांनी केले त्यांनी आपल्यासारख्याच माणसाला नमुना धरलं. पुढे तुकारामांकडे वळल्यावर हाच प्रश्न अधिक तीव्रतेनं समोर येणार आहे.

छाननी प्रत्यक्षात कशी चाले याचं सर्वांत रेखीव चित्र जैनांच्या कल्पसूत्रात आहे. महावीरांची माता त्रिशला चौदा स्वप्नं पाहून जागी होते: हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, माळ, चंद्र, सूर्य, ध्वज, कलश आणि पुढची. ती पतीकडे, राजा सिद्धार्थाकडे, जाऊन सांगते. तो आपल्या बुद्धीप्रमाणे अर्थ सांगतो. मग ती झोपत नाही. एखादं वाईट स्वप्न पडून ही शुभ स्वप्नं वाया जाऊ नयेत म्हणून उरलेली रात्र देव-गुरूंच्या गोष्टी बोलत जागून काढते. सकाळी सिद्धार्थ सभेत बसतो, त्रिशलेसाठी पडदा लावून त्यामागे आसन मांडलं जातं, आणि स्वप्नशास्त्राच्या जाणकारांना बोलावणं जातं. ते येतात, बसतात, स्वप्नं ऐकून घेतात, पण लगेच उत्तर देत नाहीत. आधी आपापसात विचार करतात, एकमेकांना विचारतात, मतं जुळवतात, आणि मग राजाला सांगतात की शास्त्रात बहात्तर स्वप्नं आहेत, त्यातली तीस मोठी, आणि त्यातली चौदा तीर्थंकराची माता पाहते. इथे स्वप्न एकटीचं होतं. त्याचा अर्थ मात्र पती, सभा आणि पंडित यांच्या हातातून फिरून आला. श्वेतांबर जैन ही गोष्ट आजही एकांतात वाचत नाहीत. पर्युषणात महावीर जन्मवाचनाच्या दिवशी चौदा स्वप्नांच्या चांदीच्या प्रतिमा सर्वांसमोर खाली उतरवतात, त्यांचा मान घेण्यासाठी बोली लागते आणि त्या पैशातून धर्मकार्य चालतं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या स्वप्नाचं देणं अख्खा समाज दरवर्षी भरतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात बुद्धमाता मायादेवीचं स्वप्न रंगवलं आहे, तिथंही चित्रकार झोपलेल्या राणीपाशी थांबलेला नाही. पुढे राजवाडा आहे, राजा-राणी आहेत आणि अर्थ सांगायला बोलावलेले ब्राह्मण आहेत.

भिवंडीत राहणाऱ्या मोठ्या मुस्लिम समाजाच्या परंपरेतही हीच शिस्त आहे, किंबहुना अधिक काटेकोर आहे. कुराणातल्या यूसुफच्या सूरेत स्वप्नं कथेचा कणा आहेत. अकरा तारे, सूर्य आणि चंद्र आपल्याला नमन करताहेत असं मुलगा सांगतो, तेव्हा बापाचं पहिलं बोलणं सावधगिरीचं आहे: हे भावांना सांगू नकोस. म्हणजे स्वप्न कुणापुढे मांडावं, याचाही विवेक हवा. हदीसमध्ये स्वप्नांचे तीन भाग केले आहेत: अल्लाहकडून येणारी शुभवार्ता, सैतानानं दिलेला त्रास, आणि माणसाच्या स्वतःच्या मनातले विचार. आठव्या शतकातल्या इब्न सीरीनच्या नावावर चालणारे ख्वाबनामे उर्दूत आजही छापले जातात, त्यांना वाचकही आहे. तरी धर्मशास्त्राच्या पंडितांनी एक रेघ ओढून ठेवली. स्वप्नात कितीही मोठ्या व्यक्तीनं सांगितलं तरी त्यावरून शरियतचा नियम बदलत नाही. तेराव्या शतकातल्या इमाम नववींनी चर्चिलेलं उदाहरण नेमकं आहे: उद्यापासून रमजान, असं कुणाला स्वप्नात सांगितलं गेलं म्हणून रोजे सुरू होत नाहीत, चंद्र जाग्या डोळ्यांनी पाहिलेला लागतो.

यावर पहिला आक्षेप घेतला जाईल तो असा: हे सगळं ठीक, पण जी स्वप्नं खरी ठरली तीच सांगितली गेली. वसई पडली म्हणून वज्रेश्वरीची कथा राहिली. पोर्तुगीज सैनिकांनीही आपल्या संतांना नवस केले असतील, त्यांनाही स्वप्नं पडली असतील. त्यांची देवळं कोण बांधणार? आक्षेप खरा आहे आणि तोही प्राचीनच आहे. वादळातून वाचलेल्या प्रवाशांनी देवळात वाहिलेल्या तसबिरी दाखवून कुणी डायागोरस नावाच्या नास्तिकाला म्हणालं की बघ, देव आहेत. त्यावर त्यानं बुडालेल्यांच्या तसबिरी कुठे आहेत असं विचारलं, असा प्रसंग रोमन लेखक सिसेरोनं नोंदवला आहे. म्हणून स्वप्नांनी भविष्य कळतं हे अशा कथांवरून सिद्ध होत नाही, हे निःसंकोच मान्य करायला हवं. माझं म्हणणं त्यावर उभं नाही. कथा मागाहून रचली गेली असेल तरी ती कशी रचली गेली, हा माझा प्रश्न आहे. विजयानंतर एखादा सेनापती स्वतःच्या नावाचा स्तंभ उभारू शकला असता. इथल्या कथेनं विजय देवीच्या नावावर मांडला, सेनापतीला ऋणको केलं आणि त्या ऋणाची फेड देऊळ बांधून केली. स्वप्न खरोखर पडलं की नाही हे आपल्याला कधीच कळणार नाही. स्वप्न पडलेल्या माणसानं कसं वागावं, हे मात्र त्या समाजाला पक्कं ठाऊक होतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्वप्न हे सत्तेच्या हातातलं हत्यार होतं, त्याचं काय? इजिप्तच्या स्फिंक्सच्या पंज्यांमध्ये एक शिला उभी आहे. माझ्या अंगावरची वाळू काढ, तुला राज्य देतो, असं स्फिंक्सनं स्वप्नात सांगितल्याचं राजा चौथा थुटमोस तिच्यावर लिहून ठेवतो. म्हणजे सिंहासनावरचा हक्क झोपेत मिळाला. ही लबाडी असू शकते, आणि तशा लबाड्या पुष्कळ झाल्या असतील. पण प्राचीनांना ती कळत नव्हती असं नाही. होमरच्या इलियडमध्ये झ्यूस मुद्दाम खोटं स्वप्न पाठवतो. अगामेम्नॉन ते सरदारांच्या सभेत सांगतो. वृद्ध नेस्टर म्हणतो की दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आपण खोटं ठरवलं असतं, पण पाहिलं आहे ते आपल्यातल्या श्रेष्ठानं. तपासणी झाली, पण मोठ्यापुढे वाकली, आणि त्याची किंमत सैन्यानं मोजली. जातकातल्या महासुपिन कथेत कोसलचा राजा प्रसेनजित सोळा भयंकर स्वप्नं पाहतो. पुरोहित सांगतात की संकट येणार, मोठा यज्ञ करा, चौकाचौकात पशू बांधा. राणी मल्लिका राजाला म्हणते की आणखी एकदा विचारा, बुद्धांना विचारा. बुद्ध सांगतात की या स्वप्नांचा तुझ्याशी संबंध नाही, तुला भिण्याचं कारण नाही. पशू सोडले जातात. स्वप्नाच्या धंद्यावर यापेक्षा कठोर टीका मला माहीत नाही. अर्थ सांगणाऱ्याचाच त्यात फायदा असेल तर तो अर्थ बाद, हे त्या कथेनं एका राणीच्या कृतीतून सुचवलं. बुद्धांनी भिक्षूंना स्वप्न सांगून पोट भरायला मनाईच केली होती.

महाराष्ट्रात आजही गुप्तधन स्वप्नात दिसल्याचं सांगून लोकांना लुबाडणारे आहेत, आणि त्यापायी नरबळीपर्यंत मजल गेलेली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला तो अशाच अमानुष प्रकारांसाठी. काही माणसं या कायद्याला परंपरेवरचा घाला समजतात. परंपरा त्यांनी वाचलेली नाही. रक्त मागणाऱ्या स्वप्नापुढे मान न तुकवता दुसऱ्या जाणत्याकडे जाणारी मल्लिका परंपरेतलीच आहे, आणि रोग्याच्या स्वप्नांतली बहुतेक फेकून देणारा वैद्यही. भोंदू जे करतो ते परंपरेच्या नेमकं उलट असतं: तो स्वप्न गुप्त ठेवायला सांगतो, दुसऱ्याला विचारू देत नाही आणि फेड स्वतःच्या खिशात घेतो.

तिसरा आक्षेप विज्ञानाचा. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळे झपाट्यानं हलण्याचा टप्पा दाखवून दिला. १९७७ मध्ये हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी मांडलं की मेंदूच्या खोडातून उठणाऱ्या संदेशांना वरचा मेंदू कसाबसा अर्थ लावतो आणि त्याचं स्वप्न होतं. पुढच्या संशोधनात या मताला फाटे फुटले, तरी स्वप्न मेंदूत घडतं याबद्दल वाद उरलेला नाही. मग देवदेवतांच्या दृष्टांतांचा अभ्यास करून काय मिळणार? मला वाटतं, हा आक्षेप एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला देतो. स्वप्न कुठून येतं, याचं उत्तर प्राचीनांनीही अनेकदा शरीराकडे आणि मनाकडे बोट दाखवूनच दिलं होतं. बृहदारण्यक उपनिषदात रथ नाहीत, घोडे नाहीत, रस्ते नाहीत, तरी स्वप्नातला पुरुष ते सगळं स्वतः निर्माण करतो असं सांगितलं आहे, कर्ता तोच. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात स्वप्नातली सृष्टी मायामात्र ठरवतात आणि पुढच्याच सूत्रात ती सूचक असू शकते असं मान्य करतात. खोटं असूनही अर्थपूर्ण, ही जागा त्यांनी मोकळी ठेवली. फ्रॉइडनं १९०० हे साल छापलेल्या आपल्या ग्रंथात दुसऱ्या शतकातल्या आर्टेमिडोरसची आठवण ठेवली. आर्टेमिडोरस अर्थ सांगण्याआधी माणसाचा धंदा, वय, संपत्ती, प्रकृती विचारून घेई, कारण एकच स्वप्न दोघांना सारखं लागू पडत नाही. फ्रॉइड स्वप्नातून माणसाच्या गतकाळात उतरला. प्राचीनांना मात्र पुढचा प्रश्न महत्त्वाचा होता: हे पडलं, आता मी काय करायला बांधील आहे? मेंदूचा कुठलाही आलेख या प्रश्नाचं उत्तर देत नाही, आणि तसा दावाही करत नाही.

स्वप्नं देवाकडून येतात या मताविरुद्ध ॲरिस्टॉटलनं एक मार्मिक मुद्दा काढला होता. देवच स्वप्न पाठवत असता तर त्यानं ती शहाण्या आणि श्रेष्ठ माणसांना पाठवली असती. पडतात तर कुणालाही. म्हणून ती देवाची नव्हेत. ग्रीक तत्त्वज्ञाला जो दोष वाटला तोच सतराव्या शतकातल्या महाराष्ट्रात आधार झाला. देहूच्या कुणबी वाण्याला, तुकारामांना, जिवंत गुरूनं शिष्य केलं नाही. त्यांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला. ते स्वतः अभंगात तिथी-वारासकट सांगतात: माघ शुद्ध दशमी, गुरुवार. आणि त्यात एक इतका घरगुती तपशील आहे की तो कुणी मुद्दाम रचेल असं वाटत नाही. गुरूंनी जेवणाला पावशेर तूप मागितलं आणि स्वप्नात असल्यानं आपण ते विसरलो, ही रुखरुख तुकाराम नोंदवतात. दुसऱ्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि राहिलेल्या अभंगांचं काम अंगावर टाकून गेले. नामदेवांना जाऊन तोवर जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. शास्त्रानं ज्याला अधिकार दिला नव्हता त्याला हे काम स्वप्नानं दिलं.

पण त्याचीही उलटतपासणी झालीच, आणि ती क्रूर होती. शूद्रानं वेदार्थ मराठीत सांगायचा अधिकार कुठून आणला, असं रामेश्वर भटांनी विचारलं. परंपरेतल्या कथेत तुकाराम देवाच्या आज्ञेचा हवाला देतात, आणि उत्तर मिळतं की ती आज्ञा आम्ही कशी मानावी, अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडव, देव राखील. इथे माझ्याच मांडणीची कसोटी लागते. ज्या छाननीचं मी इतका वेळ कौतुक केलं ती छाननी करणारे कोण होते? दरबार, पुरोहित, पंडित. राजाच्या स्वप्नाला लगाम घालणारी तीच व्यवस्था कुणब्याच्या स्वप्नाचा गळा दाबायला निघते. दावा तपासला पाहिजे हे तत्त्व बरोबर. तपासणाऱ्याच्या खुर्चीवर जन्मानं हक्क सांगणारेच बसले, हा अन्याय. तुकारामांनी तपासणी नाकारली नाही. वह्या बुडवून ते नदीकाठी तेरा दिवस बसून राहिले, आणि शेवटी निकाल पंडितांनी दिला नाही, लोकांनी दिला: वह्या तरल्या असं लोकांनी मानलं आणि अभंग पाठ केले. रामेश्वर भटही पुढे तुकारामांचे अनुयायी झाले.

बहिणाबाईंच्या वाट्याला तर हेही साधं झालं नाही. वेरूळजवळच्या देवगावात ब्राह्मण घरात जन्मलेली ही मुलगी कोल्हापुरात असताना तुकारामांचे अभंग ऐकते, त्यांच्या दर्शनासाठी तळमळते, आणि तुकाराम स्वप्नात येऊन तिला मंत्र देतात. तिनं त्यांना तोवर पाहिलेलंही नव्हतं. ब्राह्मण बाईचा गुरू शूद्र, आणि तोही स्वप्नातला, हे तिच्या पतीला सोसवलं नाही. त्यानं तिला छळलं, घर सोडून जायला निघाला. हे सगळं तिनं आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवलं आहे. तिच्या स्वप्नाची सुनावणी घरातच झाली आणि न्यायाधीश नवराच होता. स्वप्न हे अंतिम उत्तर असतं तर तिला देहूला जायची गरज नव्हती. मंत्र मिळालाच होता. तरी ती गेली. दुखण्यातून उठलेला आणि मन वळलेला तोच पती सोबत होता. देहूत जे तुकाराम दिसले ते स्वप्नातल्यासारखेच होते, असं ती सांगते. तिथल्या मंबाजी गोसाव्यानं तिचा छळ सुरू केला, तरीही ती तुकारामांचं कीर्तन ऐकायला बसत राहिली आणि पुढची अनेक वर्षं अभंग लिहीत राहिली.